शोध जनतेच्या पैशाने, मक्ता कंपनीचा

औषध-संशोधनात नवे युग अवतरले असल्याची द्वाही सध्या सर्वत्र फिरविली जात आहे. प्रथिनांची घडण संगणकाच्या साह्याने वर्तविणाऱ्या शास्त्रज्ञांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि यापुढे नवनवी औषधे कृत्रिम बुद्धिमत्ता चुटकीसरशी हुडकून काढील असे भाकीत केले जात आहे. विज्ञानाच्या या झेपेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु औषध कोणत्या रोगावर शोधावयाचे, हे आजही भांडवलच ठरविते. क्षय आणि हिवताप यांवर संशोधन करणारे बंगळूरचे केंद्र अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने २०१४ साली गुंडाळले, ते काही या रोगांचे निर्मूलन झाले म्हणून नव्हे. गरिबांच्या रोगांत नफा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अशा रोगावर औषध निघाले तरी त्याचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच. बेडाक्विलिनचा इतिहास या दृष्टीने कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील हे औषध जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी शोधले. क्षयावर अगदी नव्या प्रकारचे औषध चाळीस वर्षांनंतर प्रथमच हाती येत होते. त्या शास्त्रज्ञांचे श्रेय कोणी नाकारू नये. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, तीही मर्यादित चाचण्यांच्या आधारे. हे औषध कोणत्या औषधांच्या जोडीने, किती काळ द्यावे, याचा बराचसा शोध पुढे लागला तो सार्वजनिक व देणगीच्या पैशाने. दक्षिण आफ्रिकेतील ज्या चाचणीत १०९ रुग्णांपैकी सुमारे नव्वद टक्के रुग्ण सहा महिन्यांच्या तोंडी औषधांनी बरे झाले, ती टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने घडवून आणली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर हिशेबच मांडला : या औषधाच्या विकासात सार्वजनिक गुंतवणूक कंपनीच्या गुंतवणुकीच्या सुमारे दीडपट ते पाचपट होती. पेटंट मात्र कंपनीचे!

मूळ पेटंट १८ जुलै २०२३ रोजी संपणार होते. तेव्हा त्याच औषधाच्या क्षाररूपावर दुसरे पेटंट मागून मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविण्याचा घाट घालण्यात आला. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली ती क्षयातून वाचलेल्या दोन तरुणींनी. एक मुंबईची, दुसरी दक्षिण आफ्रिकेची. जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती हिरावून घेतली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुन्याच औषधाला नवा मुलामा देऊन पेटंट मिळविण्याची वाट अडविणारे ३(ड) हे कलम २००५ साली पेटंट कायद्यात आले, तेव्हा संसदेत डाव्या पक्षांनी धरलेला आग्रह वाया गेला नाही, याची नोंद येथे केली पाहिजे. परिणाम तात्काळ दिसला. कंपनीने २०२० मध्ये गरीब देशांसाठी सहा महिन्यांच्या उपचाराला ३४० डॉलर हा 'सवलतीचा' दर जाहीर केला होता. भारतीय कंपन्यांची स्पर्धा उभी राहताच ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक खरेदीत तिचाच दर १३० डॉलरवर आला. मग पूर्वीच्या दरात संशोधनाचा खर्च किती आणि मक्त्याची किंमत किती, हे कोणीही ताडावे.

सार्वजनिक क्षेत्राला शोध जमत नाहीत, हा आक्षेप नेहमीचाच. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा इतिहास त्याला पुरेसे उत्तर आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याने देशाला स्वस्त पेनिसिलीन दिलेच, पण बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन हे स्वतःचे प्रतिजैविकही शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरी आहे. असा कारखाना विकावयाचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये घेतला आणि २०२३ साली औषध-संशोधनाला प्रोत्साहन म्हणून ५००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचा मोठा हिस्सा उद्योगांच्या संशोधनासाठी आहे. एका हाताने आपली प्रयोगशाळा मोडीत काढावयाची आणि दुसऱ्या हाताने परक्याची उभारावयाची, असा हा व्यवहार आहे.

संशोधनावर पैसा खर्च होऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तो आजच्याहून अधिक व्हावा. परंतु या पैशातून निघणाऱ्या औषधाच्या पेटंटात सरकारचा हक्क राहील काय? चाचण्यांचे निष्कर्ष, फसलेल्या चाचण्यांसह, सर्वांना खुले होतील काय? आणि जिल्हा रुग्णालयातील रुग्णाला ते औषध कोणत्या दराने मिळेल, हे आधी लिहून घेतले जाईल काय? येत्या अधिवेशनात पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी हे तीन प्रश्न लेखी विचारावेत, आणि आरोग्य-आघाडीवरील साथींनी आपापल्या जिल्ह्यातील क्षयरोग केंद्रांत नव्या गोळ्यांचा पुरवठा किती नियमित आहे, याची माहिती तोवर गोळा करून ठेवावी.