महिन्याची वही आणि पहिली शर्यत



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला आणि वालाला फुले दिसू लागली की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला जरा उसंत मिळते. या दिवसांत पहाटे किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या रस्त्याने गेलात, तर धुक्यातून धावत येणारी पोरेपोरी हमखास भेटतात. बहुतेकांची पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मिनिटामिनिटाला नव्हे, सेकंदासेकंदाला गुण. अलीकडे मात्र यांतल्या काहींना लांबच्या शर्यतीची ओढ लागली आहे. आज त्याविषयीच बोलू.

भाद्रपदात एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. आले होते भेंडीवरच्या केवडा रोगाची चौकशी करायला. ते काम झाल्यावर उठता उठता म्हणाले, “साहेब, तुम्ही धावता असं ऐकलंय. भरतीत हिचं थोडक्यात हुकलं. आता म्हणते, मुंबईला एकवीस किलोमीटर धावणार. सहा महिने रोज पहाटे पळतेय. पण सुधारतेय की नुसते बूट झिजवतेय, ते कळायचं कसं? आणि शर्यतीच्या नादात पाय दुखावला, तर पुढची भरतीही जायची.”

बापाचा प्रश्न रास्त होता. मी मुलीला विचारले, “वही ठेवतेस का?”

“नाही सर. लक्षात असतं.”

मंडळी, ‘लक्षात असतं’ हे उत्तर मी नोकरीत हजारदा ऐकले आहे. युरिया किती टाकला? लक्षात आहे. मजुरी किती गेली? लक्षात आहे. आणि हिशेबाला बसले की नफा झाला की तोटा, हे कोणालाच सांगता येत नाही. धावण्याचेही तसेच आहे. चांगला दिवस लक्षात राहतो, वाईट दिवस विसरतो, नाहीतर नेमके उलटे होते. म्हणून दहा-वीस रुपयांची वही आणावी आणि रोज एक ओळ लिहावी.

ओळीत पाच गोष्टी पुरेत. तारीख. किती किलोमीटर. किती मिनिटे. धावताना बोलता येत होते की धाप लागली होती. आणि शेवटी शेरा: काही दुखले का, झोप किती झाली, दिवसभर शेतात काय काम केले. मुलींनी पाळीचे दिवसही लिहावेत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अंतरासाठी मोबाइल असेल तर उत्तम, नसेल तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आहेतच. महामार्गावर मात्र धावू नका. गावाचा आतला रस्ता, शाळेचे मैदान किंवा कालव्याकडेची वाट बरी.

आता महिन्याचा ताळा. तुम्हाला पीक कापणी प्रयोग ठाऊक आहे. सगळ्या गावाचे भात आम्ही मोजत नाही. ठरलेल्या पद्धतीने १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा आखतो, तेवढेच कापतो, झोडतो, तोलतो आणि त्यावरून उताऱ्याचा अंदाज बांधतो. तुकडा दरवेळी तेवढाच असतो, म्हणून त्या आकड्याला किंमत असते. धावण्यातही महिन्यातून एकदा असा ‘तुकडा’ कापावा. तोच रस्ता, तेच ५ किलोमीटर, तीच पहाटेची वेळ, आदल्या दिवशी विश्रांती. त्या दिवशी जोर लावून धावावे आणि वेळ लिहावी. बाकीचे दिवस घड्याळाशी भांडू नये. रोज जोर लावणे म्हणजे पिकाची वाढ बघायला रोज रोप उपटून पाहणे.

महिनाअखेरीस चार आकडे मांडावेत: किती दिवस धावलो, एकूण किती किलोमीटर, सर्वांत लांब धाव किती आणि ५ किलोमीटरला किती वेळ लागला. या मुलीने चार महिने ते प्रामाणिकपणे मांडले. बापलेकीच्या परवानगीने येथे देतो.

सप्टेंबर: १२ दिवस, ४२ किलोमीटर, लांब धाव ५, वेळ ३१ मिनिटे ४० सेकंद.
ऑक्टोबर: ७ दिवस, २६ किलोमीटर, लांब धाव ५, वेळ ३२ मिनिटे १० सेकंद.
नोव्हेंबर: १२ दिवस, ४६ किलोमीटर, लांब धाव ७, वेळ ३० मिनिटे.
डिसेंबर: १५ दिवस, ६२ किलोमीटर, लांब धाव ९, वेळ २८ मिनिटे ३० सेकंद.

वेळेला ५ ने भागले की एका किलोमीटरचा वेग निघतो. सप्टेंबरात ६ मिनिटे २० सेकंद होता, डिसेंबरात ५ मिनिटे ४२ सेकंद झाला.

ऑक्टोबरचा आकडा पाहून वडील म्हणाले, “इथं तर ही मागं गेली.” मी शेऱ्याचा रकाना दाखवला. ‘कापणी’, ‘कापणी’, ‘भारे वाहिले’, ‘कापणी’. दिवसभर वाकून भात कापणाऱ्या मुलीचे पाय विश्रांतीत नव्हते. त्यात ऑक्टोबरचे ऊन आणि दमट हवा. त्या महिन्यात ती मागे गेली नाही; तिने दुसरीकडे घाम गाळला. शहरातल्या धावपटूच्या तक्त्यात हा रकाना नसतो. आपल्या वहीत तो असलाच पाहिजे. लावणी, कापणी, डोक्यावरून पाणी, हे सगळे शरीराच्या खात्यात नावे पडते. त्या दिवसांत धाव कमी करावी आणि मनाला लावून घेऊ नये.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हिशेब खोटा ठरेल. डिसेंबरची सगळी कमाई सरावाची नाही. थोडी थंडीची आहे. गार हवेत शरीर कमी तापते आणि तोच माणूस अधिक वेगाने धावतो. चांगल्या पावसाने आलेल्या उताऱ्याचे श्रेय सगळे खताला देऊ नये, तसे हे आहे. म्हणून खरी तुलना पुढच्या डिसेंबरात या डिसेंबराशी होईल. वही जपून ठेवायची ती एवढ्यासाठी.

आता शर्यतीकडे येऊ. आपण भाताचे वाण कसे निवडतो? माळवरकसाला हळवे, मध्यम जमिनीला निमगरवे, पाणी धरणाऱ्या खोलगट खाचराला गरवे. शेजाऱ्याचे गरवे भरघोस आले म्हणून कोणी माळावर गरवे लावत नाही. पाऊस लवकर गेला तर लोंबी भरायच्या आधीच वाळेल. शर्यतीचेही तसेच समजा. ५ किलोमीटर हळवे, १० किलोमीटर निमगरवे, २१ किलोमीटर गरवे. ४२ किलोमीटर १९५ मीटरची पूर्ण मॅरेथॉन ही तर बारमाही बागायत आहे. वर्ष-दोन वर्षांच्या सरावाशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. बावन्नाव्या वर्षी रक्तात साखर निघाली, तेव्हा मी चालायला आणि मग धावायला लागलो. सहा महिन्यांत अंगात जोर आला. एका मित्राने अर्ज भरला म्हणून मीही थेट २१ किलोमीटरचा भरला. तोवरची माझी सर्वांत लांब धाव ८ किलोमीटर होती, आणि तीही अंदाजाने, वही नव्हतीच. चौदाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. उरलेले सात किलोमीटर लंगडत गेलो. परतताना एस.टी.च्या पायऱ्या उतरवेनात. गुडघा धरला तो तीन महिने सुटला नाही, आणि त्या तीन महिन्यांत साखर पुन्हा चढली. ज्यासाठी धावू लागलो, तेच शर्यतीने हिरावले.

असे का होते? दम लवकर वाढतो. काही आठवड्यांतच छाती मोकळी वाटते. पण शिरा, सांधे, हाडे यांना पक्के व्हायला महिनोनमहिने लागतात. युरिया जास्त झालेले भात हिरवेगार दिसते, पण काडी कच्ची राहते आणि वाऱ्याबरोबर लोळते. नव्या धावपटूचे नेमके हेच होते. म्हणून आठवड्याचे अंतर फार तर दहाव्या हिश्शाने वाढवावे, आठवड्यातून एकच धाव लांब ठेवावी आणि बहुतेक धावा बोलता येईल इतक्या सावकाश घ्याव्यात. १० किलोमीटरची शर्यत तेव्हाच घ्यावी, जेव्हा सरावात ८ किलोमीटर सुखाने होतात. २१ ची तेव्हा, जेव्हा १६ ते १८ होतात आणि दुसऱ्या दिवशी शेतात उभे राहवते.

मोठ्यांचा इतिहासही हेच सांगतो. कसारा घाट चढून पलीकडे त्र्यंबकेश्वर तालुक्यात सावरपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे. तिथल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ऑलिंपिकची मॅरेथॉन ती धावली २०१६ साली, रिओमध्ये. मध्ये सहा वर्षे गेली. एवढ्या ताकदीची मुलगी दहा किलोमीटरवर वर्षे घालवते, तर आपण घाई कशाला करावी?

आणि शेतकऱ्याच्या पोराला हे जमते का, अशी शंका असेल तर तीही सोडा. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून दोराबजी टाटा थक्क झाले. यांना ऑलिंपिकला पाठवले पाहिजे, हा विचार तेथूनच बळावला. १९२० साली अँटवर्पला जो संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

आता शर्यत निवडताना काय पाहावे, ते सांगतो.

पहिले, पंचांग पाहावे, पण शेतीचे. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन ऑगस्टमध्ये होत आली आहे. मध्ये काही वर्षे खंड पडला आणि २०२५ मध्ये ती पुन्हा झाली. आपल्याकडे तेव्हा लावणी नुकतीच उरकलेली असते, सरावाला वेळ मिळालेला नसतो. वसई-विरारची मॅरेथॉन डिसेंबरात आणि मुंबईची जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. या दोन्हींना कापणीनंतरचे गार दिवस सरावाला मिळतात.

दुसरे, रस्ता पाहावा. साताऱ्याची हिल मॅरेथॉन २१ किलोमीटरची आहे, पण यवतेश्वराचा घाट चढून कासच्या वाटेने जाते. डोंगराची सवय आहे म्हणून आपल्या पोरांना ती सोपी वाटते. पहिल्या शर्यतीला ती नको.

तिसरे, जाणे-येणे आणि पैसा. शर्यती पहाटे सुटतात. आदल्या रात्री मुक्काम कुठे, हे आधी ठरवावे. प्रवेश फी, प्रवास, बूट यांची बेरीज वहीच्या मागच्या पानावर करावी. मोठ्या शर्यतींची नावनोंदणी काही महिने आधीच होते आणि अटीही असतात. त्या वाचून मगच पैसे भरावेत.

चौथे, तब्येत. चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हृदय तपासून घ्यावे. मुलींनी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन पाहावे. रक्त कमी असेल तर सराव कितीही करा, वही पुढे सरकत नाही. लांब धावेच्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ नये. नाचणीची आंबील किंवा अर्धी भाकरी तासभर आधी पोटात असावी. तहान लागेल तसे पाणी घ्यावे. छातीत दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबावे. शर्यत पुन्हा येते.

परवा बापलेक वही घेऊन आले. मी डिसेंबरचा शेरा वाचला. लांब धावेनंतर तीनदा लिहिले होते, ‘डावी नडगी दुखते’. मी काही बोललो नाही. मुलीनेच त्या तीन ओळींवर बोट ठेवले आणि म्हणाली, “सर, एकवीस पुढच्या वर्षी.” आता ती पंधरा दिवस अंतर वाढवणार नाही, नडगी दाबून पाहून घेणार आहे, दुखणे राहिलेच तर डॉक्टरांकडे जाणार आहे. नडगी बरी झाली की फेब्रुवारीत जवळपासची १० किलोमीटरची धाव घेईल. तासाभरात पुरी होईल असा वहीचा अंदाज आहे. भरतीची जाहिरात मध्येच आली तर शर्यत सोडायची, हेही तिने पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

वडील जाताना म्हणाले, “साहेब, भेंडीचीही अशी वही घालतो म्हणतो.”

घालाच. आणि तुमच्या घरात कोणी पहाटे उठून धावत असेल, तर त्याला ‘किती नंबर आला?’ असे विचारू नका. ‘मागच्या महिन्यापेक्षा कसे आहे?’ एवढे विचारा आणि वही पाहायला मागा.