किडनीत गाठ म्हणजे कॅन्सरच? खरं उत्तर मिळतं काचपट्टीवर

पोट दुखतं म्हणून पाचोडला सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये ‘किडनीत गाठ’ आलं, की घरात पुढचा शब्द कॅन्सर. मग संभाजीनगर गाठायचं, सीटी स्कॅन, ऑपरेशनची तारीख. भीती अगदीच अनाठायी नाही, कारण किडनीतल्या भरीव गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. पण 4 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत साधारण पाचातली एक निरुपद्रवी असते. त्यातलाच एक दुर्मीळ प्रकार म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा.

ही गाठ स्कॅनला चकवते. शिरेतून औषध सोडून सीटी काढला की जिथे रक्त जास्त, तो भाग उजळतो. किडनीच्या नेहमीच्या कर्करोगाला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि ही गाठ तर रक्तवाहिन्यांचीच बनलेली. त्यामुळे पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात आणि अनेकदा किडनी काढल्यावर कळतं की गाठ साधी होती.

याचा एक उपप्रकार, अ‍ॅनास्टोमोसिंग हिमँजिओमा, मॉन्टगोमेरी आणि एपस्टाइन या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी 2009 मध्ये पहिल्यांदा मांडला. सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींत गुंतलेल्या बारीक वाहिन्यांचं जाळं दिसतं, काहीसं प्लीहेच्या आतल्या भागासारखं. डायलिसिसवर असलेल्यांच्या किडनीत तो बऱ्याचदा सापडतो.

गोंधळ इथेही संपत नाही. रक्तवाहिन्यांचाच अतिशय घातक कर्करोग, अँजिओसार्कोमा, वरवर असाच दिसतो. मी इंजिनिअर, मला वाटलं होतं, एखादी टेस्ट लावली की हो-नाही उत्तर येत असेल. तसं नाही. सीडी31, सीडी34 या तपासण्या एवढंच सांगतात की पेशी रक्तवाहिनीच्या आहेत. त्या दोन्ही गाठींत पॉझिटिव्ह येतात. पेशी विभागतायत का, त्यांची केंद्रकं बेढब आहेत का, थरावर थर चढलेत का, हे शेवटी पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यांनीच ठरतं. इथे चूक झाली तर साध्या गाठीच्या माणसाला किमोथेरपी लागू शकते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे एक्स-रे आणि सोनोग्राफीचे कागद पिशवीत वर्षानुवर्षं जपले जातात, पण ऑपरेशननंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट आणायला कुणी परत जात नाही. ‘गाठ काढली, विषय संपला.’ खरा निकाल त्याच कागदावर असतो आणि तो रुग्णाला मराठीत समजावून सांगणं हे रुग्णालयाचं काम आहे, उपकार नव्हे.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: आधी बायोप्सी शक्य आहे का, आणि पूर्ण किडनीऐवजी फक्त गाठ काढता येईल का? दरवेळी उत्तर ‘हो’ येणार नाही. बायोप्सीत रक्तस्रावाचा धोका असतो, कधी नमुना अपुराही पडतो. शंका उरली तर मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्या पुन्हा तपासता येतात, आणि त्यासाठी रुग्णाला पुन्हा टेबलावर झोपावं लागत नाही.