बेडकाच्या कानाची स्पीड टेस्ट

नेट हळू झालं की आपण आधी स्पीड टेस्ट चालवतो. मज्जातंतूचीही अशी टेस्ट घेता येते, आणि एकक तेच: सेकंदाला किती बिट. क्लॉड शॅननने १९४८ साली संदेशवहनासाठी मांडलेलं गणित या जिवंत तारेलाही लागू पडतं.

पद्धत मजेदार आहे. बुलफ्रॉग नावाच्या मोठ्या बेडकाला आवाज ऐकवायचा, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या एकाच तंतूतले विजेचे स्पाइक नोंदवायचे आणि फक्त त्या स्पाइकांवरून मूळ आवाज पुन्हा जुळवून बघायचा. जितका हुबेहूब जुळेल, तितके जास्त बिट पोचले.

विल्यम बियालेक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन प्रकारचे आवाज होते. एक सपाट खरखराट, रेडिओवर स्टेशन लागलं नाही की येतो तसा. दुसराही खरखराटच, पण बेडकांच्या हाकेत ज्या वारंवारता जितक्या जोरात असतात, त्या प्रमाणात घडवलेला. तंतू तोच, पण दुसऱ्या वेळी माहिती २ ते ६ पट! स्पाइकांना शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या ९० टक्क्यांपर्यंत मजल गेली.

पहिल्याच आवाजावर निकाल दिला असता, तर हा कान ‘स्लो’ ठरला असता. तंतूची क्षमता नुसत्या एका आकड्यात सांगून भागत नाही. काय ऐकवलं तेही शेजारी लिहावं लागतं. मीसुद्धा लोड टेस्टला रँडम डेटा न वापरता खऱ्या वापराचे लॉग मागतो. टीमला वाटतं, हा उगाच किचकटपणा करतोय.