भडक रंगाच्या बाजूने

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी भिगवण सोडते आणि करमाळा तालुक्यात शिरते. जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज मागे पडतात आणि जेऊर येतं. फलाटाच्या टोकाला पिवळीधमक पाटी, तिच्यावर काळीभोर अक्षरं. हा पिवळा आजवर कुणाच्या डोळ्यांत खुपलेला नाही. गाडीतल्या माणसाला लांबून गाव ओळखता यावं म्हणूनच तो निवडलेला असतो. पण त्याच पिवळ्याने जेऊरमध्ये कुणी घराची एक भिंत रंगवली, तर आलेला पाहुणा चहाचा कप हातात घेऊन हमखास म्हणणार, "जरा भडकच झालं, नाही?"

या एका शब्दाने गावोगावची घरं फिकी करून टाकली आहेत. क्रीम, बिस्किटी, ऑफ व्हाइट. ही आवड गावात उगवलेली नाही. ती शहरातल्या फ्लॅटमधून आली. बिल्डरला शंभर घरं एकाच डब्यातून रंगवायची असतात आणि घेणारा कोण हे ठाऊक नसतं, म्हणून तो कुणालाच न खटकणारा रंग मारतो. त्याच्या सोयीला पुढे "सोबर" असं नाव मिळालं आणि तीच चांगल्या अभिरुचीची खूण ठरली. ज्याने आपलं घर आपल्या पैशाने, आपल्या जागेवर, स्वतःसाठी बांधलं, त्याने ती सोय का उसनी घ्यावी?

घरात रंग ठरवतं कोण, हेही पाहायला हवं. साडीच्या दुकानात बसलेल्या बाईला मोरपंखी आणि चिंतामणी यांतला फरक सांगावा लागत नाही. आमसुली, डाळिंबी, अबोली, गुलबाक्षी, लिंबोळी, अंजिरी, केशरी, श्रीखंडी, राणी ही नावं तिच्या जिभेवर असतात. इरकलीचं अंग कोणतं असलं की पदर कसा उठून दिसतो, हे तिला आईने शिकवलेलं असतं. गडद अंगाला विरोधी रंगाचा काठ आणि मध्ये बारीक रेघ, ही रंगसंगतीची जाण तिच्यात मुरलेली आहे. पण घराचा रंग घ्यायची वेळ येते तेव्हा दुकानात जातो घरधनी, सोबत रंगारी. पुढ्यात येतं इंग्रजी नावांचं शेडकार्ड. दोघंही त्यातला नेहमीचा फिका चौकोन दाखवून मोकळे होतात. घरात ज्याला रंगातलं सगळ्यात जास्त कळतं, त्याचं मत घ्यायचंच राहून जातं. हे नुकसान पैशात मोजता येत नाही, पण पुढची सात-आठ वर्षं रोज भिंतीवर दिसतं.

गावाचा आणि रंगाचा संबंध आपल्या भाषेतच आहे. शेत म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. सोलापूर जिल्ह्यातली जुनी माळवदाची घरं याच पांढऱ्या मातीची. दसरा काढायचा म्हणजे घटस्थापनेआधी घरातली भांडी, वाकळा, डबे सगळं बाहेर काढून धुवायचं आणि भिंती पोतारून घ्यायच्या. खाली सारवलेली जमीन, तिच्या कडेने चुन्याचा पट्टा. तुळशीवृंदावनाला गेरू, दाराच्या चौकटीला हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट, चुन्यात थोडी नीळ. पांढऱ्या मोकळ्या भिंतीवर दोन-तीन ठिकाणी ठसठशीत रंग, अशी ती मांडणी होती. खर्च नगण्य आणि काम घरच्या माणसांचं.

याहून जुना दाखला अजिंठ्याचा. तिथल्या चित्रांतला तांबडा म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवडी, हिरवा तिथल्याच डोंगरात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. एवढी सगळी श्रीमंती मुख्यतः दगडमातीतून आलेली आहे. महाग होता तो फक्त निळा. तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. म्हणून पाचव्या शतकातल्या लेण्यांमध्ये तो भिंतभर ओतलेला दिसत नाही. जिथे नजर थांबायला हवी तिथेच येतो. आजच्या लहान घरासाठी याहून चांगला हिशेब शोधून सापडणार नाही: स्वस्त रंग मोठ्या जागेवर, महाग रंग मोक्याच्या जागेवर.

आता हिशेबच करू. केंद्राच्या ग्रामीण घरकुल योजनेत सपाट भागातल्या घराला २०१६ पासून १ लाख २० हजार रुपये ठरलेले आहेत आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचं. बांधकाम स्लॅबपर्यंत पोचता पोचता ही रक्कम संपते. मग गिलाव्याचा राखाडी रंग तसाच वर्षानुवर्षं राहतो किंवा एक हात पांढरा फिरतो. अशा घरात दहा बाय दहाची खोली धरली आणि उंची दहा फूट, तर चार भिंती मिळून ४०० चौरस फूट होतात. पण एक भिंत फक्त १०० चौरस फूट. भिंत गुळगुळीत असेल तर साध्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये तिला दोन हात बसतात. बाकीच्या तिन्ही भिंतींना चुना किंवा स्वस्त डिस्टेंपर चालतो. राणी रंगाची हौस एका लिटरात भागते.

ही एक भिंत कोणती? दारातून आत आल्यावर समोर दिसणारी. तिच्यावर देव्हारा, घड्याळ, आजोबांचा फोटो, टीव्ही असं सगळं असेल तर उलट बरं, कारण गडद पार्श्वभूमीवर ही गर्दी एकत्र बांधल्यासारखी दिसते. एक भिंतही झेपत नसेल तर कोनाडा रंगवावा. जुन्या घरातल्या दिवळीच्या आत हळदी पिवळा लावला की संध्याकाळी दिव्याचा उजेड दुप्पट वाटतो. दाराची फळी, खिडकीचे गज, मांडणीची मागची बाजू, जिन्याच्या पायऱ्यांचं उभं अंग ही सगळी अर्ध्या लिटरची कामं आहेत.

गडद रंगाची एक खोच रंगाऱ्यांना ठाऊक असते, पण ते गिऱ्हाइकाला क्वचितच सांगतात. लाल आणि पिवळा हे रंग खालचं झाकत नाहीत. थेट पांढऱ्या भिंतीवर लाल मारला तर तीन-चार हात मारूनही तो पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो. म्हणून लालाखाली राखाडी झाक असलेलं अस्तर मारतात. मग वरचे दोन हात पुरतात. शिवाय गडद रंगात भिंतीचा प्रत्येक खड्डा उठून दिसत असल्यामुळे त्या एका भिंतीला लांबी भरून, काचपेपर मारून घेणं भाग असतं. पैसे वाचवायचे तर रंगाच्या डब्यावर वाचवावेत. अस्तर आणि घासकाम यांत हात आखडता घेतला की सगळं काम दोनदा करावं लागतं.

घराबाहेर वेगळे नियम लागतात, आणि ते सोलापूरचं ऊन ठरवतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. पश्चिमेच्या भिंतीला गडद चॉकलेटी किंवा जांभळा दिला तर ती दुपारभर तापते आणि रात्री आतल्या माणसांना भाजते. बाहेरून फिका रंग आणि स्लॅबवर पांढरा चुना हे या हवेत शहाणपणाचं आहे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये गार छपरांचं सरकारी धोरणच आणलं. भडक रंगाच्या बाजूने बोलताना हेही सांगायलाच हवं की छप्पर आणि पश्चिमेची भिंत त्यातून वगळलेली बरी.

उन्हात कोणता रंग टिकतो याचं उत्तर जेऊरच्या शेजारी मिळतं. जेऊरनंतर भाळवणी, मग केम. हे कुंकवाचं गाव म्हणून महाराष्ट्रभर माहीत आहे. हळदीवर चुन्याची किंवा खाराची क्रिया झाली की ती लाल होते, हे कुंकू करण्याचं जुनं तंत्र. त्यामुळे चुन्यात हळद टाकून पिवळी भिंत मिळेल असं कुणाला वाटलं तर पदरी तांबूस तपकिरी पडेल, आणि तोही उन्हात महिन्याभरात उडेल. हळदीसारखे वनस्पतींचे रंग ऊन सहन करत नाहीत. बाजारातले राणी, जांभळा असे बरेच झगझगीत रंगही बाहेरच्या भिंतीवर लवकर विटतात. गेरू, पिवडी, लाल ऑक्साइड हे लोखंडाच्या संयुगांचे रंग असल्यामुळे मात्र उन्हाला बधत नाहीत. म्हणून ओट्याची कड, चौकटीभोवतीचा पट्टा, कुंपणभिंत यांना विटकरी आणि पिवडी द्यावी. राणी आणि मोरपंखी आतल्या सावलीत ठेवावेत.

जुनी माळवदं अजून उभी असतील तर तिथे आणखी एक काळजी. मातीच्या भिंतीत ओल असते आणि ती बाहेर पडावी लागते. तिच्यावर प्लॅस्टिक इमल्शन किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुनाच हवा. कळीचा चुना पिंपात विझवून रात्रभर ठेवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक घालायचा, भिंत आधी पाण्याने भिजवायची आणि मग कुंचा फिरवायचा. वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणून तो भिंतीचाच भाग बनतो. त्यात गेरू किंवा पिवडी मिसळली की अबोलीपासून हळदीपर्यंत छटा निघतात. चुना विझताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. तेव्हा हे काम मोठ्या माणसाने, डोळ्यांवर चष्मा लावूनच करावं. पोरं लांब ठेवावीत.

स्वस्ताईचा एक धोका याहून गंभीर आहे. पूर्वी झगझगीत पिवळ्या आणि नारिंगी ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. शेंदूर हाही मुळात शिशाचाच. सुटलेल्या रंगाचे कपचे पोरांच्या तोंडात जातात आणि शिसं त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दर दशलक्ष भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही आणि डब्यावर तसं लिहिणं बंधनकारक आहे. नाव नसलेला सुटा रंग चाळीस रुपये कमी म्हणून घेऊ नये. जुना ऑइलपेंट खरवडायचा असेल तर कोरडा घासू नये, ओला करून काढावा.

रंगाला गावात आणखी एक अर्थ असतो आणि त्याबद्दल गप्प बसणं खोटेपणाचं होईल. महाराष्ट्रातल्या अनेक वस्त्यांत निळं घर दिसतं, तेव्हा तो निळा बाबासाहेबांच्या वारशाशी असलेलं नातं अभिमानाने सांगत असतो. भगवा आणि हिरवा यांनाही लोकांनी अर्थ चिकटवले आहेत. "लोक काय समजतील" या धाकाने पुष्कळ माणसं सगळे ठळक रंग सोडून बिस्किटी रंगाच्या आडोशाला जातात. हा धाक मोडला पाहिजे. ज्याला ज्या रंगाचा अभिमान आहे त्याने तो लावावा, आणि ज्याला नुसता आवडतो त्यानेही.

रंगाने वस्तीत काय होऊ शकतं हे अल्बेनियाच्या राजधानीत दिसलं. एदी रामा हे चित्रकार २००० मध्ये तिरानाचे महापौर झाले. पालिकेच्या तिजोरीत फारसं काही नव्हतं. त्यांनी कम्युनिस्ट राजवटीतल्या करड्या इमारती नारिंगी, हिरव्या, जांभळ्या पट्ट्यांनी रंगवून घेतल्या. पहिल्या नारिंगी इमारतीसमोर रस्ता अडेल एवढी गर्दी जमली. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं "चल रंग दे" उपक्रमात स्वयंसेवकांनी रंगवली आणि मेट्रोतून दिसणारी ती वस्ती देशभर गाजली. त्यावर टीकाही झाली: रंगाने नळाला पाणी येत नाही. टीका योग्य आहे, आणि ती एक फरक शिकवते. बाहेरच्याने बाहेरून पाहण्यासाठी दिलेला रंग वेगळा आणि घरातल्या माणसाने स्वतःसाठी निवडलेला वेगळा. जेऊरसारख्या गावात दुसरा हवा. तो निवडायला महापौर लागत नाही, संस्थाही लागत नाही.

घटस्थापनेआधी यंदा रंगाच्या दुकानात जाताना घरातल्या बाईला सोबत न्या. शेडकार्ड तिच्या हातात द्या, इंग्रजी नावांकडे लक्ष देऊ नका, आणि तिला आवडणाऱ्या साडीचा रंग विचारा. त्या रंगाचा एक लिटर घ्या. भिंतीवर आधी हातभर चौकोन रंगवून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाहा. मग पुढचा हात मारा.