मंत्र नको, कारण सांगा

पनवेल तालुक्यातील आमच्या मराठी शाळांत कोणत्याही मुलास "३ ने भाग कधी जातो?" असे विचारा. "अंकांच्या बेरजेस ३ ने भाग गेला म्हणजे," असे तो खाडकन सांगेल. पण "असे का?" म्हणताच तो गप्प होतो, आणि पुष्कळदा गुरुजीही गप्प होतात. आम्ही स्वतः ट्रेनिंग कॉलेजातून हीच पोपटपंची घेऊन आलो व कित्येक वर्षे ती मुलांच्या माथी मारली, हे येथे कबूल करितो.

वास्तविक त्यात गूढ काहीच नाही. ४३२ रुपये नऊ जणांत वाटावयाचे आहेत. शंभराच्या नोटेतून प्रत्येकास ११ दिले की १ रुपया उरतो. दहाच्या नोटेतून प्रत्येकास १ दिला तरी १ च उरतो. शेकड्यांचे ४, दहांचे ३ व सुटे २ मिळून उरले ९. तेही नऊ जणांत बरोबर वाटले गेले. अंकांची बेरीज म्हणजे हे उरलेले रुपये! तीन जणांतही हाच न्याय लागतो. कारण ९ मध्ये ३ आहेतच.

बंधूंनो, ही गोष्ट परीक्षेच्या गुणांपुरती नव्हे. आपल्या जमिनी नव्या मुंबईसाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत उरणकडील जासईच्या लढ्यात पाच जणांचे प्राण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. एकराचे गुंठे ४०, आणि ४० चे मूळ अवयव २, २, २ व ५. तीन वेळा निम्मे केले की राहिले ५ गुंठे. कपात होते ती निराळी. पण मुळात हक्क किती, हे अवयव जाणणारा मुलगा तोंडी सांगेल.

आता हे ५ गुंठे तीन भावांत कसे वाटावे? एकेक गुंठा दिल्यावर दोन उरतात. "हे काही वाटले जात नाहीत, थोरल्याकडेच राहू द्या," असे कोणी म्हणाला तर? गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट. अंकांची बेरीज १८. म्हणजे ३ ने भाग जातो. दोन गुंठ्यांतून प्रत्येकास ७२६, एकूण १८१५ चौरस फूट. कोणाचाच हक्क बुडत नाही!

मोबाइल भागाकार करील हे खरे. पण 'उरले त्याचे काय?' हे विचारण्याची बुद्धी तो देणार नाही. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनापुढे प्राथमिक शाळेत हिशेब व शेतीचे ज्ञान मागितले, ते याचसाठी. तेव्हा गुरुजनहो, नियम पाठ करविण्याआधी मुलांच्या हाती नोटा व सातबारा द्या. आणि पालकहो, आज रात्री मुलास उत्तर विचारू नका, 'का?' विचारा. त्याला सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन आम्हांस जाब विचारा.