एक पेला कॉफीसाठी

विद्यार्थ्यांनी आपला अभ्यास करावा, नसत्या उठाठेवी करू नयेत, हा उपदेश आपल्याकडे घरोघरी चालत असतो. आणि तो करणाऱ्यांत आम्हीही मोडतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी 1960 साली केलेल्या बैठ्या सत्याग्रहाची हकीकत वाचल्यापासून हा उपदेश पूर्वीइतक्या निःशंकपणे आमच्या तोंडून निघत नाही.

1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो येथे कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकणारे चार कृष्णवर्णीय तरुण, एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅक्केन व जोसेफ मॅक्नील, वुलवर्थच्या दुकानात शिरले. त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे चुकते केले, पावत्या जपून ठेवल्या आणि त्याच दुकानातील फराळाच्या काउंटरपाशी बसून कॉफी मागितली. ती मिळाली नाही. तेथे बसून खाण्याची मुभा केवळ गोऱ्यांना होती. चौघे दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसांहून अधिक विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी साठांहून अधिक, चौथ्या दिवशी सुमारे 300. मार्चअखेर हे लोण 13 राज्यांतील 55 शहरांत पोहोचले होते.

दुकान ज्याच्या मालकीचे, त्याने कोणास वाढावे व कोणास वाढू नये हा त्याचा प्रश्न, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला, व तो वरवर पाहता सयुक्तिकही वाटतो. परंतु त्या पावत्यांचे काय? एका काउंटरवर ज्या हातातील नाणे विनातक्रार घेतले, त्याच हातात दहा पावलांवरील दुसऱ्या काउंटरवर कॉफीचा पेला द्यावयाचा नाही, हा मालकी हक्क नव्हे. हा अपमान होय, आणि तोही हिशेबीपणाने केलेला. पैशाला विटाळ नाही, माणसाला मात्र आहे! आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या चिमुकल्या पावत्यांत साठवलेले आहे.

टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील विद्यार्थ्यांची कथा तर आपण अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आहे, कारण तिचा एक धागा नागपुरास येऊन पोहोचतो. त्यांचे गुरू जेम्स लॉसन हे 1953 ते 1956 या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्यांनी येथे अभ्यास केला. माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातल्याची वार्ताही त्यांनी नागपुरातील वृत्तपत्रातच वाचली. मायदेशी परतल्यावर त्यांनी नॅशव्हिल येथे विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. तेथे काय शिकवीत? शिव्या खाण्यास! निम्मे विद्यार्थी गुंडांची सोंगे घेऊन उरलेल्यांना ढकलीत, अपशब्द बोलत. आणि उरलेल्यांनी हात न उगारता, तोंडून उलट शब्द न काढता बसून राहावयाचे. प्रत्यक्ष सत्याग्रहात ताठ बसावे, तोंड काउंटरकडे असावे, कोणी मारले तरी मारू नये, असे नियम ठरलेले होते. काउंटरपाशी बसल्या बसल्या कित्येकजण पुस्तके उघडून अभ्यास करीत.

हल्ली परीक्षा पुढे ढकलावी म्हणून खिडक्यांच्या काचा फोडणारेही आपल्या कृत्यास आंदोलन म्हणवितात. त्यांनी नॅशव्हिलचे हे वर्ग मनापुढे आणावेत. 27 फेब्रुवारी 1960 रोजी या मुलांना काउंटरवरून ओढून मारहाण झाली. पोलिसांनी पकडले ते मारणाऱ्यांना नव्हे, मार खाणाऱ्यांना. एक तुकडी कैद होताच दुसरी त्याच आसनांवर येऊन बसे. न्यायालयाने दंड ठोठावला, तेव्हा अनेकांनी तो न भरता तुरुंग पत्करला. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. 19 एप्रिल रोजी विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर सुरुंगाच्या दारूचा स्फोट झाला. त्याच दिवशी हजारो लोक निःशब्दपणे नगरभवनापर्यंत चालत गेले, आणि डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौरांना सरळ प्रश्न केला: केवळ वर्णावरून माणसामाणसांत भेद करणे आपणांस योग्य वाटते काय? महापौर बेन वेस्ट यांनी ते अयोग्य असल्याचे सर्वांसमक्ष मान्य केले. 10 मे रोजी तेथील काउंटर कृष्णवर्णीयांस खुले झाले. त्या मुलीच्या प्रश्नात एकही कठोर शब्द नव्हता, हे आमच्या वादविवाद स्पर्धांतील वक्त्यांनी ध्यानी घ्यावे.

ही सारी कॉलेजातील मंडळी, असे शाळकरी वाचक म्हणतील. तर मग ओक्लाहोमा शहराकडे पाहा. तेथील इतिहासाच्या शिक्षिका क्लारा लूपर 19 ऑगस्ट 1958 रोजी, म्हणजे ग्रीन्सबरोच्याही आधी दीड वर्ष, 13 मुलांना घेऊन कॅट्झच्या दुकानात गेल्या व कोकाकोला मागितला. त्यांतील काही मुले प्राथमिक शाळेच्या वयाची होती. थोड्याच दिवसांत त्या दुकानाने आपला नियम बदलला. इतिहास शिकविण्याची ही रीत अभ्यासक्रमात बसली नसती हे उघड आहे.

मराठी वाचकास हे वाचताना 20 मार्च 1927 चे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही कागदोपत्री तळे सर्वांस खुले झालेले होते. रूढी तेवढी आड उभी होती, आणि डॉ. आंबेडकरांनी सहस्रावधी लोकांसह त्या पाण्याची ओंजळ घेतली. अमेरिकेतील वर्णभेदास नावे ठेवताना आमची लेखणी भरभर चालते. परंतु कामाला येणाऱ्या बाईंसाठी कोनाड्यात निराळी ठेवलेली कपबशी आम्ही आमच्याच नात्यागोत्यांतील घरांत पाहिली आहे, आणि तीतून त्यांना चहा दिला जात असताना आम्ही मुकाट्याने आपल्या पेल्यातील चहा पीत बसलो आहोत. त्या चौघांचे वय तेव्हाच्या आमच्या वयाहून फारसे निराळे नव्हते.

ग्रीन्सबरोच्या वुलवर्थने अखेर 25 जुलै 1960 रोजी हार पत्करली. त्या दिवशी त्या काउंटरवर ज्यांना प्रथम वाढण्यात आले ते विद्यार्थी नव्हते. ते त्याच दुकानात काम करणारे कृष्णवर्णीय नोकर होते.