मन नसतानाची प्रीती

ख्रिस्ती प्रीती ही आधी कृती असते. भावना बहुधा तिच्या मागून येते. यावर जुना आक्षेप असा, की मनात ओलावा नसताना प्रेमाने वागणे हे ढोंग आहे. आक्षेपकांना आधार पौलाचाच: सर्वस्व दान केले, पण प्रीती नसली, तर ते व्यर्थ.

पण त्याच अध्यायात (१ करिंथ 13) पौल लगेच प्रीतीची लक्षणे सांगतो. सहनशीलता, दयाळूपणा, हेवा न करणे, अपकार न मोजणे. ही वागण्यात दिसणारी लक्षणे आहेत. मन उचंबळून यावे अशी अट तेथे नाही. ढोंग म्हणजे लोकांनी पाहावे म्हणून केलेले पुण्य, आणि येशूने धिक्कार केला तो त्याचा. दोन मुलांच्या दाखल्यात (मत्तय 21) ‘जात नाही’ म्हणून नंतर मळ्यात गेलेला मुलगाच बापाची इच्छा पाळणारा ठरतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य याची साक्ष देते. पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या दुरावल्या. परत आल्या तरी सोवळे आणि वेगळे पाणी सुटले नव्हते. ते एका उपदेशाने गेले नाही. सहवासात, रोजच्या वागण्यात हळूहळू गळून पडले, आणि 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. धरणगावचे त्र्यंबक ठोमरे, म्हणजे 1907 च्या जळगाव कविसंमेलनात गाजलेले बालकवी, पुढे याच घरात राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, तरी त्यांना येथे माया मिळाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रीती हे आत्म्याचे फळ, मग माणसाने धडपड का करावी? रावेर-यावलचा शेतकरी केळीचा घड स्वतः घडवत नाही. पण ठिबक बंद ठेवून घडाची वाटही पाहत नाही. कृपा प्रयत्नाला रजा देत नाही, त्याला बळ देते.

धुळे-जळगावकडे बांधाच्या वादातून सख्खे भाऊही बोलेनासे होतात. अशा भावासाठी नाव घेऊन प्रार्थना करावी, तो आजारी पडला तर विचारपूस करावी, त्याची निंदा थांबवावी. राग तेवढ्याने लगेच विरत नाही आणि विरायची वाट पाहण्याचीही गरज नाही.

मात्र मारहाण किंवा फसवणूक मुकाट्याने सोसणे म्हणजे प्रीती नव्हे. अशा माणसापासून दूर राहून, गरज पडल्यास पोलिसांत तक्रार करूनही त्याचे भले चिंतता येते. छळ सोसणाऱ्याला ‘प्रेम कर’ म्हणून परत त्याच घरात पाठवणारी मंडळी चूक करते.